बारा खोल्या की पाच? किनाऱ्यावरच्या एका घराचं आणि पर्यटन धोरणाचं प्रकरण

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या मालवण तालुक्यातलं आहे. गाव, नाती आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. प्रकल्प अहवाल आणि बँकेची कागदपत्रं तयार करण्याच्या निमित्ताने मला हे कुटुंब जवळून पाहता आलं. गावात सगळे त्यांना ज्या नावाने हाक मारतात, तशीच इथेही त्यांना वहिनी आणि दादा म्हणतो.

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला आणि १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. पाटी आधी लागली आणि गाडी नंतर आली, पण दोन्ही आलं. तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात घरोघरी खोल्या निघाल्या आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढणाऱ्या घरांतली मुलं पर्यटकांना बोटीतून फिरवू लागली. दादा त्यांपैकीच एक. वहिनींनी घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली ती अशीच, ओळखीच्या ओळखीने. नोंदणी नव्हती, पावती नव्हती. पडवीत पान मांडायचं, माशाचं जेवण वाढायचं आणि हिशेब वहीत लिहायचा.

याच काळात सरकारी धोरणाची भाषाही बदलत होती. महाराष्ट्रात उद्योगांना मागास भागाकडे वळवण्यासाठी सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे. तालुका जितका मागास तितकी सवलत जास्त, ही तिची मूळ कल्पना. पर्यटन धोरणांनी हाच साचा उचलला. विभागांची वर्गवारी, गुंतवणुकीच्या आकारानुसार प्रकल्पांचे गट, मुद्रांक शुल्कात आणि वीज शुल्कात सूट, राज्याच्या वाट्याच्या कराचा परतावा, हे सगळं त्यात आलं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आदरातिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा द्यायचं ठरवलं. १ एप्रिल २०२१ पासून पात्र हॉटेलांना वीज, पाणी, मालमत्ता कर आणि अकृषिक कर औद्योगिक दराने लागू झाले. २०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि अठरा लाख रोजगार असं उद्दिष्ट मांडलं आहे.

याचा वहिनींच्या घराशी थेट संबंध आला तो ९ ऑक्टोबर २०२१ नंतर. त्या दिवशी जिल्ह्यातल्याच चिपीच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि जमिनीची चौकशी करणाऱ्या गाड्या गावात फिरू लागल्या.

अडचण कुठे होती

घराच्या पुढे, समुद्राच्या बाजूला, या कुटुंबाची माडाची बाग आहे. म्हणजे सातबारावर त्यांचं नाव आहे, आणि त्यांच्यासोबत आणखी बऱ्याच जणांची. आजोबांच्या पिढीपासून वाटप झालेलं नाही. काही चुलते मुंबईत, एक आत्या बेळगावला, काही वारसांची नावं अजून चढायची आहेत. कोकणात हे नेहमीचंच, म्हणून कुणी त्याला अडचण मानत नाही. कर्ज काढायची वेळ आली की मग जाग येते.

२०२२ मध्ये मुंबईतल्या एका चुलत्यांच्या ओळखीचे एक गुंतवणूकदार आले. त्यांचा प्रस्ताव सरळ होता. बागेत बारा खोल्यांचं रिसॉर्ट बांधायचं, पैसा त्यांचा, जमीन कुटुंबाची, नफ्यात भागीदारी. त्यांच्या हातात एक छापील तक्ता होता. पर्यटन धोरणातून कुठली सवलत किती मिळेल, परतावा किती वर्षं येईल आणि गुंतवणूक कधी वसूल होईल, असं सगळं त्यात मांडलेलं. दादांना तो पटला. मुलाला पुण्याची नोकरी सोडून परत यायचं होतं, त्यालाही पटला. वहिनींचा एकच प्रश्न होता: हे सगळं मिळणार कधी, बांधायच्या आधी की नंतर?

माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सगळ्यांत चांगला प्रश्न हाच. या धोरणात आधी तात्पुरती नोंदणी होते, प्रकल्प उभा राहून सुरू झाला की पात्रता प्रमाणपत्र मिळतं, आणि कराचा परतावा तुम्ही आधी कर भरलात तरच येतो. ज्याच्याकडे दोन-तीन वर्षं थांबण्याइतकं भांडवल आहे त्याला ही रचना सोयीची. वहीत हिशेब ठेवणाऱ्याच्या ती उपयोगाची नाही. वहिनींची उलाढाल जीएसटीच्या वीस लाखांच्या मर्यादेच्या कितीतरी खाली होती. जो कर भरतच नाही त्याला परत काय मिळणार? धोरणाच्या मसुद्यात लहान उद्योजकाचं नाव असतं, पण सवलतीचं चलन मोठ्याच्या खिशातलं असतं.

समोर असलेले पर्याय

*पहिला: बागेतलं रिसॉर्ट.* सवलतींच्या तक्त्यात हा पर्याय सर्वांत उजवा दिसत होता. पण तक्त्यात दोन रेषा नव्हत्या. एक भरतीरेषा. किनारा नियमन क्षेत्राची २०१९ ची नवी अधिसूचना निघालेली असली, तरी तिच्यानुसारचा किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर होईपर्यंत २०११ ची जुनीच चालते. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र. बागेचा बहुतेक भाग त्यात. शंभर ते दोनशे मीटरच्या पट्ट्यात पारंपरिक किनारी समाजाच्या घरांना वाट आहे, रिसॉर्टला नाही. नव्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी ही मर्यादा ५० मीटरवर आली आहे, पण ती दाटी चौरस किलोमीटरला २१६१ माणसांपेक्षा जास्त हवी. माडाच्या बागांमधून विखुरलेल्या आमच्या वाड्या त्यात बसणं कठीण. उद्योग धोरण म्हणतं या, किनारा नियम म्हणतात मागे सरा, आणि ही दोन्ही कागदपत्रं वेगवेगळ्या टेबलांवर असतात.

दुसरी रेषा सातबारावरची. सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागणार होती. बेळगावच्या आत्यांनी फोनवर सांगितलं, "आधी वाटप करा, मगे सही मागा." त्यांच्या नकाराला इतिहास आहे. शिरोडा-वेळागर इथे पंचतारांकित हॉटेलसाठी नव्वदच्या दशकात जमीन संपादित झाली आणि भाडेपट्ट्याचं गाडं मार्गी लागायला २०२१ उजाडलं. मालवण तालुक्यातच तोंडवळी-वायंगणीला सी वर्ल्ड या समुद्री पर्यटन प्रकल्पासाठी हजाराहून जास्त एकर जमिनीची आखणी झाली, गावांनी विरोध केला आणि प्रकल्प कागदावर राहिला. मोठ्या प्रकल्पासाठी जमीन आधी गोळा करायची, ही धोरणाची जुनी सवय. त्या सवयीने किनाऱ्यावर सहीची भीती पेरली आणि तिची किंमत लहान माणसाच्या लहान प्रकल्पाला मोजावी लागते. गुंतवणूकदारांना हे शेवटपर्यंत उमगलं नाही. आत्यांना जास्त वाटा हवा आहे, इतकाच अर्थ त्यांनी काढला.

*दुसरा: बाग भाड्याने देणे.* तंबू उभारणाऱ्या एका कंपनीने हंगामापुरतं भाडं देऊ केलं होतं. पैसा सोपा होता, पण संमतीचा आणि किनारा नियमांचा प्रश्न तोच. शिवाय घरासमोरच दुसऱ्याचे पाहुणे. हा विचार एका संध्याकाळीच संपला.

*तिसरा: पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज.* ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, स्वतःचा वाटा फक्त पाच टक्के, सेवा उद्योगासाठी प्रकल्पाची मर्यादा वीस लाख. वाचताना उत्तम. पण योजना नव्या उद्योगासाठी आहे, आणि वहिनींच्या खोल्या तर वर्षानुवर्षं चालू होत्या. अनुदानाची रक्कमही हातात येत नाही, ती तीन वर्षं बँकेत मुदत ठेवीसारखी अडकून राहते. आणखी एक गंमत सांगायलाच हवी. २०२२ च्या सुधारणेपर्यंत या योजनेच्या नकारात्मक यादीत मांसाहाराशी संबंधित व्यवसायांवर बंधनं होती. मालवणात खानावळ काढायची आणि सामिष जेवणावर अधिकाऱ्यांचं स्पष्टीकरण मागायचं! कारखान्यांसाठी लिहिलेली योजना पर्यटनाला लावली की असे प्रसंग येतात. सुधारित नियमांत हॉटेल-ढाब्यावरच्या मांसाहाराला मोकळीक मिळाली, ही चांगली गोष्ट.

*चौथा: आहे त्याच घरात वाढ.* निवास-न्याहारी योजनेत नोंदणी केली की वीज आणि पाणी घरगुती दरानेच राहतं. मालकाने तिथेच राहणं ही मुख्य अट, आणि खोल्यांवर मर्यादा. केंद्राच्या अशाच योजनेत सहा खोल्या, बारा खाटा. किनाऱ्यावरच्या स्थानिकांना जोत्याचं क्षेत्र, घराची रचना आणि दर्शनी भाग न बदलता राहत्या घरात पाहुणे ठेवायची मुभा २०१९ च्या अधिसूचनेतही स्पष्ट लिहिली आहे. म्हणजे या वाटेवर दोन्ही टेबलांवरचे कागद एकमेकांशी भांडत नव्हते.

इथे एक बारकावा लक्षात आला, जो आम्ही आधी कुणीच पाहिला नव्हता. पाच-सहा खोल्यांपर्यंत घरगुती वीजदर. पात्र हॉटेल झालात तर औद्योगिक दर. मधे आठ-दहा खोल्या काढून बसलात, ना घर राहिलात ना पात्र हॉटेल झालात, तर वाणिज्यिक दर, म्हणजे तिन्हींत महाग. धोरण तुम्हाला लहान राहायला सांगतं किंवा उडी मारायला सांगतं. पायरी पायरीने वाढायची सोय त्यात नाही. किनाऱ्यावर इतकी घरं पाच खोल्यांवर का थांबतात, याचं एक उत्तर विजेच्या बिलातही आहे.

निर्णय आणि कृती

निर्णयाला जवळजवळ वर्ष लागलं. या काळात रिसॉर्टची बोलणी चालूच होती. जानेवारी २०२३ मध्ये गोव्यात मोपाचा विमानतळ प्रवाशांसाठी सुरू झाला आणि गुंतवणूकदारांचं लक्ष सीमेकडे, दोडामार्ग-सावंतवाडीच्या बाजूला वळलं. त्यांनी नाही म्हटलं नाही, फक्त फोन येणं कमी झालं. एका विमानतळाने आणलेला माणूस दुसऱ्या विमानतळाने नेला.

जून २०२३ मध्ये राज्य सरकारने 'आई' हे महिलाकेंद्रित पर्यटन धोरण जाहीर केलं. महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावर १२ टक्क्यांच्या मर्यादेत व्याजाचा परतावा, सात वर्षं किंवा एकूण साडेचार लाख, जे आधी होईल तोपर्यंत. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी हवी, कामावर निम्म्या महिला हव्यात आणि हप्ते वेळेवर हवेत. यात करपरतावा नाही, जमिनीची अट नाही आणि व्यवसाय नवाच हवा असंही नाही. व्याज हा खर्च लहान माणसालाही येतोच, त्यामुळे ही सवलत त्याच्यापर्यंत पोहोचू शकते. माझ्या पाहण्यात आलेल्या योजनांपैकी वहिनींच्या घराच्या मापाची ही पहिलीच.

मग प्रश्न उरला किती कर्ज काढायचं. मुलाचं म्हणणं, मर्यादा पंधरा लाखांची आहे तर पंधरा काढू. आम्ही कागदावर मांडून पाहिलं. ११ टक्के दराने सात वर्षांसाठी पंधरा लाख घेतले तर हप्ता २५,७०० रुपयांच्या आसपास आणि एकूण व्याज सुमारे साडेसहा लाख. त्यातले साडेचार परत येणार, दोन खिशातून. साडेनऊ लाख घेतले तर हप्ता सव्वासोळा हजारांच्या घरात, एकूण व्याज सव्वाचार लाखांच्या आत, म्हणजे सगळंच मर्यादेत. शिवाय दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला लहान उद्योगाकडून तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम तेव्हा होता, आणि तारण म्हटलं की पुन्हा तो सातबारा. साडेनऊ ठरलं.

कर्ज वहिनींच्या नावावर निघालं. उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी), निवास-न्याहारीची नोंदणी आणि पर्यटन संचालनालयाकडचा अर्ज असे तीन कागद झाले. घराचं जोतं तसंच ठेवून मागचं कोठार आणि मुलाची रिकामी खोली पाहुण्यांसाठी केली. एकूण पाच खोल्या, प्रत्येकीला न्हाणीघर. छपराची दुरुस्ती, मोठं स्वयंपाकघर, सौर पाणीतापक. मदतीला वाडीतल्या दोघी पगारावर आल्या. जेवण पडवीतच राहिलं, कारण पडवी बंद केली असती तर दर्शनी भाग बदलला असता. पाहुण्यांना तीच पडवी सर्वांत आवडते, हा योगायोग.

काय झालं

पहिला पूर्ण हंगाम चांगला गेला. खोल्यांचा दर वाढवता आला, नोंदणीमुळे बुकिंगच्या संकेतस्थळांवर जाता आलं आणि वहीची जागा हिशेबाच्या ॲपने घेतली. पाहुणे आले ते मुख्यतः रेल्वेने आणि स्वतःच्या गाड्यांनी. हे बरंच झालं, कारण चिपीची मुंबई विमानसेवा लहान विमानतळांसाठीच्या केंद्राच्या उडान योजनेतल्या तीन वर्षांच्या आर्थिक आधारावर चालत होती आणि मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये ती थांबली. रिसॉर्टचा तक्ता ज्या प्रवाशांवर मांडला होता, ते स्वतःच एका सवलतीचे प्रवासी होते. ती मुदत त्या तक्त्यात कुठेच धरलेली नव्हती.

त्रास झाला तो पावसाळ्यात. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद असतात. दादांची बोट ओढून ठेवलेली, खोल्या रिकाम्या आणि हप्ता मात्र बारमाही. व्याजाचा परतावा हप्ता भरल्यानंतर, कागद सादर केल्यावर मिळतो, आणि एक हप्ता थकला तरी पात्रता अडचणीत. जुलै-ऑगस्टचे हप्ते भरायला वहिनींनी बचत गटातून पैसे उचलले आणि गणपतीनंतर फेडले. परतावा अखेर मिळाला, पण तोवरचा पावसाळा गटातल्या बायकांनी तारून नेला.

दुसरी गोष्ट विहिरीची. वाडीतल्या इतर घरांनीही याच सुमारास खोल्या काढल्या. उन्हाळ्यात विहिरींचं पाणी मचूळ होऊ लागलं आणि दोन वर्षांपूर्वी नसलेला टँकर आता येतो. प्रत्येक घर स्वतःच्या परवानगीत बसतं, प्रत्येक घराला सवलत वेगळी मिळते. सगळ्या वाडीला मिळून किती पाणी आहे, हे कुठल्याच अर्जात विचारलेलं नसतं. गुंतवणूक आणि रोजगार मोजणाऱ्या धोरणात या टँकरला रकाना नाही.

मुलगा परत आला नाही. पाच खोल्यांवर दोन संसार चालत नाहीत, हे त्याचं म्हणणं खरंच आहे. बारा खोल्यांचा आग्रह त्याने धरला होता तो हावरेपणाने नव्हे. लहान राहण्याचा निर्णय सुरक्षित ठरला, पण तो फुकट मिळाला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

वाटपाला सुरुवात पहिल्याच वर्षी व्हायला हवी होती, रिसॉर्ट व्हायचं असो वा नसो. गणपतीला सगळे चाकरमानी घरी असतात. त्या पाच-सात दिवसांत वारसनोंदी आणि संमतीचं बोलणं आमनेसामने होऊ शकलं असतं. इथे ते फोनवर झालं, तेही गुंतवणूकदाराचा तक्ता हातात घेऊन, त्यामुळे बेळगावच्या आत्यांना वाटप म्हणजे विक्रीचीच तयारी वाटली. तहसीलदारांकडचा वाटपाचा अर्ज आता दाखल आहे, आणि आत्यांचीही त्यावर सही आहे.

बँकेकडे हंगामी हप्त्यांची मागणी करायला हवी होती. पीककर्जाची फेड पिकाच्या हंगामाशी बांधलेली असते. पर्यटनाच्या कर्जातही ऑक्टोबर ते मे मोठा हप्ता आणि पावसाळ्यात फक्त व्याज, अशी आखणी मागता येते. आम्ही मागितली नाही. छापील अर्जात तसा रकाना नव्हता, एवढंच कारण.

सौर पाणीतापकाआधी सांडपाण्याची टाकी मोठी करायला हवी होती. तापकाचा फोटो बुकिंगच्या पानावर दिसतो, टाकीचा दिसत नाही, म्हणून खर्चाच्या क्रमात ती खाली गेली. दुसऱ्या उन्हाळ्यात तो खर्च करावाच लागला, आणि तोही कर्जाबाहेरून.

मला सर्वांत जास्त खटकतं ते हे, की वाडीतली घरं एकत्र बसली नाहीत. सात-आठ घरांनी मिळून पाणी, कचरा आणि बुकिंग एकत्र केलं असतं तर एकेका घराला सहा खोल्यांच्या आत राहूनही वाडीचा मिळून चांगला मोठा व्यवसाय झाला असता, आणि मुलासारख्या शिकलेल्या माणसाला तो सांभाळण्याचं कामही मिळालं असतं. किनारा नियम मोडावे लागले नसते आणि वाणिज्यिक वीजदराच्या त्या मधल्या खड्ड्यातही कुणी पडलं नसतं. वहिनींनी आता बचत गटाच्या बैठकीत हा विषय काढला आहे. पहिला वाद अपेक्षेप्रमाणे विहिरीवरूनच झाला: कुणाची विहीर सामायिक धरायची आणि कुणाची नाही. पुढची बैठक त्याच एका प्रश्नावर आहे.